तांबडा आणि खोटी साथ

संतोषला लग्नानंतर आठ वर्षांनी मुलगी झाली, ते २०२२ साल. संतोष आणि सोनाली नोकरीपायी कर्जतला भिसेगावात राहत. पण नवस बोलला होता तो इकडं गावी, चौक गावाच्या पुढं डोंगराच्या पायथ्याला, संतोषच्या आईनं. नातवंड झालं की जत्रेत गावदेवीला कोंबडा. नवस चंद्राबाईचा, पण कोंबडा वाढवला तिच्या नवऱ्यानं, धाकलूनं. घोटाळा झाला तो तिथंच.

कोंबड्याचं नाव तांबडा. तो धाकलूच्या ताटातला भात खाई, धाकलू शेतावर निघाला की पुढं पुढं चाले आणि दुपारी त्याच्या मांडीवर डोळे मिटून बसे. जत्रा जवळ आली तसा धाकलूच्या गळ्याखाली घास उतरेना. पण देवीला बोललेलं परत कसं घ्यायचं?

अशात आरोग्य केंद्राच्या डॉक्टर जागृती मॅडम गावात आल्या. देवळापुढं माणसं जमली. मॅडम म्हणाल्या, "बर्ड फ्लू आज कोंबड्यांत आहे. उद्या तो माणसामाणसांत पसरायला लागला, तर त्याची लस गावापर्यंत यायला महिने जातील. तोवर गोळ्यांवर निभवायचं, आणि गोळ्या सगळ्यांना पुरणार नाहीत. म्हणून येत्या गुरुवारी तालीम करू. रोगी खोटा, गोळी खोटी, धावपळ तेवढी खरी."

"पयली गोळी कुणाला?" देवीचा भगत धोंडी पुढं सरकला. "मान देवीचा, म्हंजे भगताला ना?"

"पहिली नर्सताईंना आणि आशाताईंना."

"ह्ये बरं हाय! वाढणाऱ्यानंच आधी जेवायचं?"

"भाकऱ्या थापणारी भोवळ येऊन पडली तर तुला वाढील कोण रं?" चंद्राबाई कडाडली. बायका खदखदून हसल्या आणि धोंडी मागं सरकला.

धाकलूच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. "मॅडम, कोंबड्यांचं काय करता?"

"खरी साथ आली तर आसपासच्या सगळ्या माराव्या लागतात, काका. तालमीत नाही."

धाकलूनं पहिलं वाक्य घेतलं, दुसरं सोडून दिलं. कोरोनाच्या वेळीही थोड्या दिवसांचं म्हणून सुरू झालेलं दोन वर्षं पुरलं होतं.

गुरुवारी उजाडताच तांबड्याला पिशवीत घालून तो चौकला गेला. तिथं झहीरचं चिकनचं दुकान होतं, आणि झहीर जुना दोस्त.

"काका, कोंबडा लपवायला तुमाला माझंच दुकान गावलं?"

"एवढ्या कोंबड्यांत एक कोण बघतंय रं?"

"गिऱ्हाईक बघतंय! गावठी दिसला की पयला ह्योच मागतील."

"मंग आत ठेव. सांजच्याला नेतो."

झहीरनं कपाळावर हात मारला आणि तांबड्याला आतल्या खोलीत टोपलीखाली झाकलं.

धाकलू परत येतो तो मॅडमनी त्यालाच रोगी ठरवलेलं. घरी कोंबडा पाळणारा, वयस्कर, अगदी हवा तसा. शाळेच्या ओसरीवर सतरंजी अंथरून त्याला आडवं केलं. तालुक्याचे साहेब खुर्चीवर बसून बघत होते.

"काका, खोका."

धाकलू असा खोकला की साहेबांनी खुर्ची मागं ओढली.

"गेल्या आठवड्यात कोंबड्यांशी संबंध आला?"

"नाय."

"होय म्हणा, काका," मॅडम हळूच म्हणाल्या. "नाहीतर तालीम पुढं सरकायची नाही."

"नाय म्हंजे नाय. मी कोंबडा वळखत बी नाय."

"अवो, रोज मांडीवर घेऊन बसता की!" चंद्राबाई गर्दीतून ओरडली. "आन् सकाळधरनं तांबडा दिसत नाय. कुठं नेलात देवीचा कोंबडा?"

आता पुढं डॉक्टर, मागं बायको. धाकलू पुटपुटला, "चौकला. झहीरच्या दुकानात."

मॅडमचे डोळे चमकले. "सर, रोग्याचा कोंबडा बाजारात पोचला! खऱ्या साथीत अगदी असंच होतं."

"मग बसलात काय? काढा गाडी!" साहेब उठलेच.

गाडीत साहेब, मॅडम, नखशिखान्त पांढरा पोशाख घातलेले गुरांचे डॉक्टर, तोंडाला मास्क बांधलेला रोगी धाकलू आणि देवीच्या वतीनं चंद्राबाई. चौकला गाडी थांबली, पांढरा माणूस उतरला आणि त्यानं झहीरच्या दुकानापुढं लाल फीत बांधली. गिऱ्हाईकं कापलेलं चिकन तसंच टाकून पळाली. समोरच्या ढाब्यावरची माणसं ताटावरून उठली. "ही तालीम आहे! घाबरू नका!" मॅडम कर्ण्यातून ओरडल्या, पण घाबरू नका म्हटल्यावर उरलेलेही पळाले.

"काका!" झहीर रडकुंडीला आला. "एक कोंबडा ठिवला आन् दुकान बुडवलंत की!"

रोग्यानं गाडीतून उतरायचं नाही, असा हुकूम होता. धाकलूला काचेतून एवढंच दिसलं, की चंद्राबाई पांढऱ्या डॉक्टरांच्या मागोमाग आत गेली. थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले ते तांबड्याला घेऊन. भर रस्त्यात त्यांनी त्याच्या चोचीत कापसाची काडी फिरवली, पंखात सुई टोचली आणि पायात एक कडी अडकवली.

"अगं आई गं!" चंद्राबाईनं छाती पिटली. "देवीच्या कोंबड्याला सुई टोचली! आता मी देवीला काय तोंड दाखवू?"

शेवटी साहेबांनी मास्क काढला, स्वतः झहीरकडून दोन किलो चिकन घेतलं आणि ते चारचौघांना दिसेल असं हातात धरून उभे राहिले. तेव्हा कुठं गिऱ्हाईक परतलं.

गावात आल्यावर धोंडीनं तांबड्याला उलटसुलट करून पाहिलं. "अंगाला सुई, पायात सरकारी कडी. खोट आली. असला कोंबडा देवी घेत नाय." कौल लावला, देवीनं नारळावर भागवून घेतलं. "वाईट वाटून घेऊ नको रं धाकलू," धोंडी म्हणाला. धाकलूनं मोठ्या कष्टानं तोंड पाडलं आणि घरी जाऊन तांबड्याला दूधभात घातला.

पुढं नात सुट्टीला आली की तांबडा तिच्यामागं फिरू लागला. तीन वर्षांनी एका सकाळी तो अंगणात निपचित पडलेला दिसला. धाकलूनं त्याला हात लावला नाही. नातीला आत धाडलं आणि फोन केला. "मॅडम, कोंबडा मेला. शिवलो नाय. तुमी शिकवलंत तसं."

तेच गुरांचे डॉक्टर आले. नमुना घेऊन त्यांनी चुना टाकून तांबड्याला पुरलं. तपासणीत काही निघालं नाही, म्हातारा झाला होता. पुरताना डॉक्टर हसून म्हणाले, "कडी बघून ओळखलं. तालमीला मला कुठलीही कोंबडी चालली असती, काका. काकूच आत आल्या आणि म्हणाल्या, त्या टोपलीखालचाच घ्या, आणि सुई सगळ्यांना दिसंल अशी टोचा."

धाकलूनं वळून बायकोकडं पाहिलं.

"बघता काय?" चंद्राबाई म्हणाली. "तुमच्या गळ्याखाली घास उतरत नव्हता, ते मला काय दिसत नव्हतं? आन् देवीला ठावं हाय समदं. मी नारळ दोन दिले."

तांबडा १९ जून २०२५ रोजी, गुरुवारी सकाळी मेला.