बोडक्या डोक्याने कडुनिंबाखाली

आमच्या बरकतपुऱ्यातल्या बिल्डिंगमध्ये उन्हाळ्यात दूधवालासुद्धा हेल्मेट घालूनच आत येतो. ही सगळी कृपा पहिल्या मजल्यावरच्या प्रल्हादकाकांची. फाटकाजवळच्या कडुनिंबावर कावळ्यांचं घरटं झालं, की काका फाटकाशी खुर्ची टाकून बसलेच!

"ठैरो मियाँ! खाली सर कां जारे?" म्हणजे बोडक्या डोक्याने कुठे निघालास, असं दख्खनीत दरडावत ते येणाऱ्याच्या डोक्यावर जुनं हेल्मेट, नाहीतर सरळ पातेलं ठेवतात. वर उपदेश: "पळायचं नाही, दगड मारायचा नाही. पिल्लं आहेत, आईबाप चिडणारच." नारायणगुड्याच्या लग्नाला निघाले होते मी, पैठणी नेसून, तर माझ्या अंबाड्यावर पातेलं!

बरं, हा माणूस स्वतः काय करतो? रोज सकाळी बोडक्या डोक्याने त्याच झाडाखालून पेपर आणायला जातो. कावळा टकलावर चोच मारतो आणि काका डोकं चोळत, चक्क हसत परत येतात. मला तर काही उमजेचना बाई!

शेवटी मी चिडून म्हटलं, "काका, लोकांना शहाणपण शिकवता, आणि तुमचं टाळकं काय लोखंडाचं आहे?"

"हळू बोल गं. नुसतं ऐक," म्हणाले आणि निघाले झाडाखाली. कावळा झेपावला. त्याबरोबर वरच्या गॅलरीतून सुमनकाकू, म्हणजे त्यांची बायको, कडाडल्या, "अहो! टोपी विसरलात ना पुन्हा? किती वेळा सांगायचं?"

मी बघतच राहिले. काकूंना हल्ली कुणीच ओळखू येत नाही. वाढायला आलेल्या काकांनाच त्या विचारतात, "आपण कुणाकडचे?"

"एवढंच उरलंय बघ तिच्याकडे माझ्यासाठी," काका म्हणाले. "टोपी घातली तर तेही जाईल."

परवा पिल्लं उडाली. पातेली ज्याच्या त्याच्या घरी गेली. सकाळी बघते तर काका झाडाखाली बोडके उभे. कावळा वायरवर बसून पंख साफ करतोय, यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. काका हात हलवताहेत, टाळ्या वाजवताहेत. गॅलरीत काकू गप्प बसलेल्या.

मग मला काय झालं कोण जाणे, मागून गेले आणि काकांच्या टकलावर एक टपली ठेवून दिली.

"अहो!" वरून आवाज आला. "टोपी कुठाय?"