सायक्लिनरावांचा सत्कार

एका जंगलात एक उंदरीण होती. पण बाळांनो, गोष्ट तिची नाही. गोष्ट तिच्या पोटातल्या एका खोलीच्या घराची आहे. खोली म्हणजे एक पेशी, इतकी लहान, की वाळूच्या कणाशेजारीही दिसली नसती.

त्या घरातून उंदराचं पिल्लू व्हायचं होतं. त्यासाठी एका खोलीच्या दोन, दोनाच्या चार, असं वाढत वाढत गर्भाशयाच्या दाराशी पोचायचं. एकच खोली घेऊन गेलं तर दार बंद. पिल्लू खलास.

घरात सायक्लिनराव नावाचं एक वजनदार प्रथिन होतं. आईने बांधून दिलेल्या शिदोरीतून घडलेलं, म्हणून मान मोठा. "विभागणीला लागा!" असं राव म्हणाले, की अख्खं घर कामाला लागायचं. त्यांचं काम एवढंच. मग शालवाली मावशी त्यांच्या अंगावर शाल घालायची. शाल पडली, की मुकाट मोडघरात जायचं. तिथे जुन्या प्रथिनांचा भुगा होतो आणि भुग्यातून नवी घडतात. राव गेले, की खोलीच्या दोन खोल्या. घराण्याची रीतच तशी.

त्या दिवशी रावांनी हुकूम सोडला. घरातल्या गुणसूत्रांच्या जुळ्या बहिणी एकमेकींचे हात धरून मधोमध रांगेत उभ्या राहिल्या. दोन्हीकडून दोऱ्या ताणल्या गेल्या. मावशीने शाल घातली.

आणि सायक्लिनराव भाषणाला उभे राहिले.

"या सत्काराने मी भारावून गेलोय. माझी जबाबदारी वाढली आहे. तेव्हा मी थांबायचं ठरवलंय."

"काका, थांबायचं नसतं, जायचं असतं!" रांगेतली एक बहीण ओरडली. "इकडे आमचे हात तुटायला आलेत!"

"आजकालच्या पोरींना जरा ताण सहन होत नाही. आमच्या वेळी..."

"कसली तुमची वेळ? आज सकाळी तर घडलात!"

मावशीने दुसरी शाल घातली. तिसरी घातली. राव आणखी फुगले. शालींखाली फक्त मिशा दिसत होत्या, आणि भाषण चालूच. घर मात्र घरंगळत गर्भाशयाकडे निघालं होतं. ते काही रावांसाठी थांबणार नव्हतं.

शेवटी मावशीने मोडघराच्या दाराला लाल फीत बांधली.

"रावसाहेब, उद्घाटन राहिलंय. तुमच्या हस्ते व्हावं म्हणतात सगळे."

"छे छे, एखाद्या तरुणाला बोलवा."

"बोलावलं होतं. तो म्हणाला, काकांशिवाय शोभा नाही."

"आता एवढा आग्रहच आहे तर..."

मोडघर पहिल्यापासून चालूच होतं. पण फीत दिसली, की काही लोकांना वरची पाटी दिसत नाही. राव शाली सावरत धावले. फीत कापली. आत शिरले.

"फोटोवाला कुठे गे..."

भुगा.

फाट्‌दिशी बहिणी सुटल्या! अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे, हसत, किंचाळत, एकमेकींवर आदळत. खोलीच्या दोन खोल्या झाल्या!

दोन्ही खोल्यांत लगेच नवे सायक्लिनराव घडले. घडल्या घडल्या घसा खाकरून म्हणाले, "आमच्या वेळी..." या वेळी मावशीने चर्चाच केली नाही. दोन फिती बांधल्या. मग चार. मग आठ. गर्भाशयाच्या दाराशी पोचलं ते खोल्यांनी गच्च भरलेलं घर. दार उघडलं, आणि पिल्लू वाचलं.

तात्पर्य: बाळांनो, ज्येष्ठांच्या मानात कधीही कसूर करू नये. शाल द्यावी, हार घालावा, फीतही कापू द्यावी. फक्त कार्यक्रमाचं ठिकाण नीट निवडावं.