चौतीस मार्कांचा ड्रायव्हर

नव्या ड्रायव्हरने जेवणाच्या टेबलावर तीन कागद ठेवले आणि तो हात धुवायला गेला. एवढीच त्याची चूक. परत आला तेव्हा तिन्ही कागद सासऱ्यांच्या हातात होते आणि सासऱ्यांनी वाचायचा चष्मा चढवला होता.

सासरे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस म्हणून आले होते. हा तिसरा महिना होता. ऑपरेशन उत्तम झाले होते. इतके उत्तम, की आता त्यांना घरातले सगळेच दिसत होते. निवृत्तीपूर्वी एकतीस वर्षे ते परीक्षा विभागात होते. प्रश्नपत्रिका काढणे, त्या सीलबंद करणे आणि कॉपी करणाऱ्यांना पकडणे यात हयात गेल्यामुळे कोणी नमस्कार केला तरी ते आधी त्याच्या बाह्यांकडे बघत.

"हे काय आहे, जावईबापू?"

"ट्रक कंपन्यांची पत्रं, बाबा. तीन ठिकाणांहून बोलावणं आलंय. शुक्रवारी पाचपर्यंत एकीला होकार कळवायचाय."

"आणि निवड कोणत्या निकषावर करणार?"

जावयाने ताट पुढे ओढले. निकष त्याच्याकडे एकच होता आणि तो चारचौघांत सांगण्यासारखा नव्हता. अकरा वर्षे झेरॉक्सच्या दुकानात काढल्यावर त्याने जिद्दीने जड वाहनाचे लायसन्स मिळवले होते. ट्रक पुढे न्यायला तो उत्तम शिकला होता. मागे घेणे मात्र त्याला जमत नव्हते. लायसन्सच्या चाचणीत मागे घ्यायची वेळ आली, तेव्हा परीक्षकाला घरून फोन आला आणि तो पाठ फिरवून बोलत उभा राहिला. बोलणे संपवून वळला तर ट्रक होता तिथेच होता. परीक्षकाला वाटले, मागे जाऊन परत आला. त्याने पास केले.

कंपन्यांची ओळख त्यांच्या ट्रकांच्या रंगावरून होती. पिवळी, लाल आणि निळी. निळ्या कंपनीच्या पत्रात तळाशी एक ओळ होती: 'नवीन ड्रायव्हरला गरज दिसल्यास पहिले सहा आठवडे जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी बसवण्यात येईल.' ही ओळ त्याने इतक्या वेळा वाचली होती, की कागद तिथे मऊ पडला होता.

"मला निळी बरी वाटते," तो म्हणाला.

"वाटते? वाटण्याला मार्क नसतात. पहिली कंपनी म्हणजे गंमत नाही. पहिल्याच वर्षात काही बिघडलं, तर दुसरी कंपनी दारात उभं करील का?"

"बाबांना बघू दे ना नीट," बायको वाढता वाढता म्हणाली. ती दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती आणि लोकांना गोड बोलून खुर्चीत बसवण्याची तिला सवय होती. "माझ्या लग्नाच्या वेळी त्यांनी कोणालाच काही विचारलं नव्हतं."

"म्हणूनच म्हणतो," सासरे म्हणाले, "या वेळी विचारू."

सोमवारी दिवसभर त्यांनी कंपन्यांसाठी प्रश्नपत्रिका काढली. पन्नास प्रश्न, शंभर मार्क, वेळ नव्वद मिनिटे. मंगळवारी सकाळी सासरे, जावई आणि सीलबंद पाकीट अशी तिघांची स्वारी पिवळ्या कंपनीत पोचली. आवारात सहा माणसे एका ट्रकला धक्का मारत होती.

"मॅनेजर कुठे भेटतील?" सासऱ्यांनी फाटकावरच्या माणसाला विचारले.

"ते काय, डावीकडून दुसरे. थांबा जरा, गाडी सुरू झाली की मोकळे होतील."

सासऱ्यांनी दहा मिनिटे वाट पाहिली. गाडी सुरू झाली नाही. त्यांनी फाईल उघडून 'पिवळी' या नावापुढे 'गैरहजर' असे लिहिले आणि पाकीट न फोडता परत फिरले.

लाल कंपनीचा मॅनेजर भेटायला तयार नव्हता, पण फोनवर अतिशय प्रेमळ होता. रविवारची सुट्टी? हो हो. गाड्या नव्या आहेत? हो हो. रस्त्यात आजारी पडलं तर माणूस पाठवता? हो हो, लगेच. सासरे टिक करत तेविसाव्या प्रश्नापर्यंत आले.

"ड्रायव्हरला झोप लागली, तर आपला ट्रक आपला आपण मुक्कामी पोचतो का?"

"हो हो, तीपण सोय आहे आपल्याकडे!"

सासऱ्यांनी फोन ठेवला. "तेविसावा प्रश्न असल्यांसाठीच घालायचा असतो," ते म्हणाले. एकतीस वर्षांतले एवढे एकच व्यवसायरहस्य त्यांनी जावयाला सांगितले.

जावयाच्या मनात उकळ्या फुटत होत्या. आपोआप निळीच उरली होती. आता फक्त निळ्या कंपनीने सासऱ्यांना हाकलून द्यायला नको होते. बुधवारी तिथल्या मॅनेजरबाईंसमोर सासऱ्यांनी पाकीट फोडले, तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले. बाईंच्या एका कानाला फोन होता, एका हातात शिक्का होता आणि टेबलासमोर सह्यांसाठी दोघे उभे होते. त्यांनी पहिले पान वाचले, फोन बंद केला आणि विचारले,

"वेळ किती?"

"नव्वद मिनिटं. मोबाईल इकडे द्या."

बाईंनी निमूटपणे मोबाईल दिला. सासऱ्यांनी तो खणात ठेवला, सह्यांसाठी थांबलेल्या दोघांना बाहेर काढले आणि खिडकीकडे पाठ करून पर्यवेक्षणाला उभे राहिले. बाई मान खाली घालून लिहू लागल्या.

वीस मिनिटांनी आवारातला सुपरवायझर आत आला. "मॅडम, गेटपासवर सही..."

"परीक्षार्थीशी बोलू नका."

"कोणाशी?"

"बाहेर व्हा."

"अहो, पण सही झाल्याशिवाय गाड्या सुटत नाहीत! पहिल्याच गाडीत आइस्क्रीम आहे!"

"मग गाडी सावलीत लावा. पेपर सुटायला एक तास दहा मिनिटं आहेत."

फाटकाशी तीन ट्रक होते त्यांचे सात झाले, सातांचे अकरा झाले. हॉर्न वाजू लागले. आइस्क्रीमच्या ड्रायव्हरने परिस्थिती ओळखून मागचा दरवाजा उघडला आणि रांगेतल्यांना एकेक कप वाटायला सुरुवात केली. त्यानंतर हॉर्न थांबले. जावई खिडकीतून हे सगळे पाहत होता आणि आपली पहिली नोकरी कपाकपाने वितळताना त्याला दिसत होती. आत बाईंनी मान वर न करता हात उंचावला.

"पुरवणी मिळेल?"

सासऱ्यांचा चेहरा उजळला.

बाईंना एक्याऐंशी मार्क मिळाले. गुणपत्रक हातात घेऊन त्या जरा वेळ खुर्चीत टेकून बसल्या. "आठ वर्षांत या खुर्चीत मला कोणी नव्वद मिनिटं शांत बसू दिलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "काका, तुम्ही दिवसभर काय करता?"

"निवृत्त आहे."

"माझ्याकडे येणारा प्रत्येक नवा ड्रायव्हर सांगतो, सगळं येतं. मग महिन्याभरात कोणाची तरी भिंत पडते. तुम्ही त्यांचे पेपर घ्याल का? मार्क तुम्ही द्यायचे. निकालाचं काय करायचं ते मी बघेन."

"घेईन. मानधन नको," सासरे म्हणाले. "शिक्का मात्र स्वतंत्र लागेल."

घरी येताना जावयाने हळूच विचारले, "म्हणजे बाबा, निळी नक्की ना?"

"कंपनी पास झाली. आता तुमचं बघायचं. शुक्रवारी अकरा वाजता. दोन पेनं आणा."

त्या संध्याकाळपासून घरातले वातावरण गोपनीय झाले. पेपर काढणारा आणि परीक्षार्थी एका टेबलावर जेवत नाहीत, असा नियम असल्यामुळे जावई दोन दिवस ओट्याशी उभा राहून जेवला. बायकोने बापाला एकदा सुचवून पाहिले, "बाबा, निदान सोपा तरी काढा." त्यावर सासऱ्यांनी खणाला कुलूप लावले आणि किल्ली उशाखाली ठेवली.

शुक्रवारी निळ्या कंपनीच्या मागच्या खोलीत एकच बाक आणि एकच खुर्ची होती. बाकावर जावई बसला. सासऱ्यांनी त्याला ओळख न दाखवता बाह्या वर करायला लावल्या.

पहिला प्रश्न होता: 'हीच कंपनी का निवडली?' जावयाने प्रामाणिकपणे लिहिले, 'मी नाही निवडली, सासऱ्यांनी निवडली.' सासऱ्यांनी तिथल्या तिथे लाल शेरा मारला: 'निर्णयक्षमता नाही. शून्य.' पुढे इंजिन आले, ब्रेक आले, घाटरस्ता आला. एकोणिसाव्या प्रश्नापाशी त्याने पेन बदलले. 'ट्रक मागे घेताना काही अडचण येते का? सविस्तर लिहा.'

त्याने मान वर केली. सासरे टक लावून त्याच्याकडे बघत होते. मुलगी दिली त्या माणसाला ट्रक मागे घेता येत नाही, हे त्यांना असे, लेखी, तीन मार्कांसाठी कळावे? त्याने लिहिले, 'अजिबात नाही.' आणि पुढच्या प्रश्नाकडे गेला.

तीन वाजता निकाल लागला. चौतीस.

"बाबा, एका मार्कासाठी..."

"इथे मी बाबा नाही. पासाला पस्तीस लागतात." सासऱ्यांनी शिक्का मारला, उत्तरपत्रिका पिशवीत टाकली आणि ते घरी निघून गेले.

जावई तसाच बाकावर बसून राहिला. दुकानातली नोकरी सोडलेली, पिवळी बंद, लाल बंद, आणि निळीत घरच्याच माणसाने पाडलेले. एवढ्यात मॅनेजरबाईंनी आत बोलावले.

"तोंड का पाडलंय? बसा. नापासांना घरी पाठवलं, तर ट्रक काय मी चालवू? पस्तीस आणि वर, त्याला लगेच स्वतंत्र गाडी. पस्तीसच्या खाली, त्याला सहा आठवडे जुन्या ड्रायव्हरच्या शेजारी. तुम्हाला गरज दिसते, म्हणून तुम्ही शेजारी. फक्त काकांना सांगू नका. मी नापासांना कामावर घेते हे कळलं, तर ते राजीनामा देतील."

जावयाला बाईंच्या पाया पडावेसे वाटले. नापास होण्यात इतके सुख असते, हे त्याला आयुष्यात प्रथमच कळले. आवारात त्याला त्याचा जुना ड्रायव्हरही दाखवण्यात आला. पांढऱ्या मिशांचा, आरशात न बघता दोन ट्रकांच्या मधल्या फटीत आपला ट्रक मागे सरकवणारा.

"शिकवाल ना, दादा?"

"तू फक्त बसून बघ. तीन आठवड्यांत झोपेत घेशील."

येताना त्याने आइस्क्रीमचा मोठा डबा घेतला. जिना शीळ घालत चढला. दार उघडले. सासरे खुर्चीत खाली मान घालून बसले होते आणि बायको कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभी होती.

"आलास? बोल आता यांच्याशी," ती म्हणाली. "एक मार्क! स्वतःच्या जावयाला एका मार्काने पाडतात! मी म्हटलं, दवाखान्यात मी अनोळखी माणसाला जास्त जपते. म्हटलं, आठ दिवसांसाठी आला होतात, आम्ही कधी दिवस मोजले का?"

"अगं, पण ते जाऊ दे..."

"जाऊ कसं दे? तू मध्ये बोलू नकोस."

सासऱ्यांनी घसा खाकरला. पिशवीतून एक नवा कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला. त्यावर ताजा शिक्का होता. "पुनर्मूल्यांकन केलं. प्रश्न एकोणीस. उत्तर त्रोटक म्हणून मी एक मार्क कापला होता. पण मग विचार केला, ज्याला खरोखर येतं तो माणूस थोडक्यातच लिहिणार. एकूण पस्तीस. उत्तीर्ण." त्यांनी चष्मा काढून पुसला. "एकतीस वर्षांत मी कोणाचा मार्क वाढवला नव्हता, जावईबापू."

जावयाच्या हातातला डबा टेबलावर टेकला.

"कंपनीत... कळवलं नाही ना अजून?"

"कळवलं की! बाईंनी आधी दोनदा विचारलं, नक्की का? मग म्हणाल्या, तुमची सही आहे ना, मग प्रश्नच मिटला."

तेवढ्यात जावयाचा फोन वाजला. बाईंचा आवाज कामाच्या घाईत होता. "अभिनंदन हं. सोमवारी सकाळी सहाला या, नऊ नंबरची गाडी तुमची. एकट्यानेच जायचंय, जवळच आहे, औषधांचं गोदाम. गल्ली अरुंद आहे, गाडी टोकापासून रिव्हर्समध्ये आत घ्यावी लागते. पण काका म्हणाले, तुमचं ते पक्कं आहे."

फोन बंद झाला. बायको वाट्या काढत होती. सासरे डोळे पुसत होते. जावयाने जे लायसन्सच्या परीक्षकाला, बाईंना, बायकोला, कोणालाच सांगितले नव्हते ते एका दमात सांगून टाकले.

"बाबा, मला रिव्हर्स येत नाही."

"काय?" बायकोच्या हातातली वाटी खाली पडली.

सासऱ्यांनी चष्मा चढवला, पिशवीतून उत्तरपत्रिका काढली, एकोणिसावे उत्तर बोट ठेवून दोनदा वाचले आणि कागद पुन्हा नीट घडी करून ठेवला.

"पेपर दिल्यावर आठवलेलं उत्तर धरत नाहीत, जावईबापू," ते म्हणाले आणि त्यांनी आइस्क्रीमचा डबा पुढे ओढला.