भिंतीवरचा आकडा

"खोल्या किती म्हणालात?" पेंटरने शिडीवरूनच विचारलं.

"आठ. एकेक खोली, आत मोरी. सगळ्या रिकाम्या," खालून मालक म्हणाले. "पण तुला काय करायचंय? तू लिही."

पेंटरने ब्रश डब्याच्या काठावर दोनदा निपटला. मागण्याची सवय नसलेल्या माणसाला मागायच्या आधी असं काहीतरी करावंच लागतं.

"एक आम्हालाच हवी होती, मालक. राहती जागा महिनाअखेरीला सोडायचीय. मी, बायको आणि माझी म्हातारी. तिघंच."

मालकांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. तो शिडीवर असल्यामुळे न्याहाळायला जरा वेळ लागला.

"तुला परवडायचं नाही. आणि रोजावर काम करणाऱ्याला मी जागा देत नाही. हां, बरी आठवण केलीस. तेही लिही."

तर आता ऐका. ज्याला दारातून परत पाठवलं त्याच्याच हातून, रस्त्याकडच्या कुंपणाच्या भिंतीवर, निळ्या ऑइलपेंटमध्ये, वळणदार अक्षरांत उमटलं: 'रोजंदारीवाल्यांनी चौकशी करू नये.' त्याच्या वर 'खोल्या भाड्याने देणे आहे' आणि 'दरमहा बारा हजार'. खाली 'तीनपेक्षा जास्त माणसे चालणार नाहीत', 'लहान मुले चालणार नाहीत', आणि 'समक्ष येऊन त्रास देऊ नये, फक्त फोन करावा'. शेवटच्या ओळीसाठी मालकांनी आपल्या फोन नंबरची चिठ्ठी दिली. ती कानामागे खोचून पेंटर पुन्हा भिंतीकडे वळला.

घोटाळा झाला तो इथे. बावीस वर्षं हा माणूस पाट्या रंगवत होता, आणि प्रत्येक पाटीच्या तळाशी कोपऱ्यात स्वतःचा नंबर टाकत होता. त्या दिवशी मन मालकांच्या बोलण्याने भाजून निघालं होतं आणि हात आपला सवयीने चालला होता. मन एका गावाला, हात दुसऱ्या. हाताने तळाशी नेहमीचेच दहा आकडे लिहिले, चांगले वीतभर उंचीचे. चिठ्ठी कानामागेच राहिली आणि घरी जाताना कुठेतरी उडून गेली.

मालक येऊन पाटी बघून गेले. त्यांना आकडे वाचायची आवड होती, पण फक्त किमतीचे.

पेंटरचा फोन असायचा बायकोकडे. आधीचा फोन पांढऱ्या रंगाच्या डब्यात बुडून वारला होता, तेव्हापासून नवा तिने आपल्या शिलाई मशीनपाशी ठेवला होता. नंबर शहरभर पाट्यांच्या कोपऱ्यांत, त्यामुळे भलते फोन तिला नवे नव्हते. दातांच्या दवाखान्याचे पेशंट तिलाच दात दाखवायचे. ती म्हणायची, "आधी मिठाच्या पाण्याची चूळ भरा, मग पाटीवरचा वरचा नंबर लावा."

तिसऱ्या दिवशी फोन आला. "ताई, खोली आहे का?"

"नाही हो भाऊ. आम्हीच शोधतोय."

"मग सापडली तर सांगाल का? मी बेकरीत भट्टीवर असतो."

आता दारात आलेल्याला आणि फोनवर आलेल्याला रिकाम्या हाताने परत पाठवू नये, अशी तिच्या आईची शिकवण. देण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं, म्हणून तिने निदान नाव आणि नंबर लिहून घेतला. दुपारी दवाखान्यातल्या आयाबाईंचा आला, संध्याकाळी दोन हमालांचा. तिने शाळेतल्या मुलांची असते तशी एक दुरेघी वहीच घातली.

"अहो, आज चार जणांनी खोली विचारली," रात्री जेवताना ती म्हणाली.

"आपण सगळ्या गावाला खोली विचारत फिरलो," पेंटर म्हणाला. "आता गाव आपल्याला विचारतंय. फेडाफेड चाललीय."

दहा दिवसांनी मालकांनी त्याला बोलावून घेतलं. चेहरा उतरला होता.

"अरे, एक फोन नाही. एक. मी स्वतः घरातल्या दुसऱ्या फोनवरून लावून बघितला, वाजतोय छान."

"आकडा जड पडत असेल लोकांना."

"नऊ कर. आणि ती लहान मुलांची ओळ काढ."

पेंटरने बाराचे नऊ केले आणि मुलांच्या ओळीवर पांढरा हात मारला. घरी वहीत नावं एकवीस झाली. मालक मात्र फोन उशाशी घेऊन झोपू लागले, अंघोळीला गेले की बायकोच्या हातात देऊ लागले. पुढच्या आठवड्यात पुन्हा निरोप.

"सहा कर," मालक म्हणाले. आवाज असा, की जणू दाढ उपटून देत आहेत. "माणसांची ओळही काढ. राहू देत चार-पाच."

"आणि रोजंदारीवाल्यांची?" पेंटरने अगदी सहज विचारलं.

मालकांनी आकाशाकडे बघितलं. वर कोणी मदतीला येईना. "काढ तीही."

ती ओळ पुसताना पेंटरने पांढऱ्याचे तीन हात दिले. एकात भागलं असतं.

त्याच वेळी बायको जेवणाचा डबा घेऊन आली. ही भिंत तिने कधी पाहिली नव्हती. डबा हातात धरून ती पाटी वरून खाली वाचत गेली, आणि तळाशी येऊन थांबली.

"अहो, हा नंबर कुणाचा?"

"मालकांचा. दुसऱ्या कुणाचा असणार?"

"मग तो माझ्या मशीनपाशी का वाजतो?"

पेंटरने शिडीवरून खाली वाकून बघितलं, आणि शिडीचा एक पाय उचलला गेला. बायकोने ती धरली म्हणून बरं, नाहीतर पाटीवर त्याच्या अख्ख्या अंगाची सहीसुद्धा उमटली असती. उतरून तो तसाच रंगाच्या डब्यावर बसला.

"मेलो. तीन आठवडे त्यांचं गिऱ्हाईक आपल्याकडे येतंय. ही लबाडी झाली गं."

"लबाडी जाणूनबुजून करतात. तुम्हाला तेवढी अक्कल असती तर आपण इथे असतो का?" ती त्याच्या शेजारी टेकली. "देवानेच हात धरला तुमचा."

"देवाला माझा नंबर पाठ आहे?"

"त्याला सगळ्यांचे पाठ असतात. तो फोन करत नाही, एवढंच." तिने पाटीकडे पुन्हा एकदा पाहिलं. सहा हजार. हा आकडा त्यांच्या मिळकतीत बसत होता, आणि महिना संपायला पाच दिवस उरले होते. "उद्या सकाळी जाऊन सगळं खरं सांगायचं. शब्द लपवायचा नाही."

"मी एकटा जाऊ?"

"एकटे कशाला? ज्यांचे निरोप राहिलेत त्यांनाही घेऊन जाऊ. निरोप पोचवायला नको का?"

सकाळी आठ वाजता मालक दात घासत खिडकीशी आले, तर भिंतीपाशी त्रेचाळीस माणसं शिस्तीत उभी. रांगेत पहिला पेंटर, आणि रांगेबाहेर त्याच्या शेजारी वही घेतलेली बायको. मालक तोंड पुसत खाली आले.

पेंटरने सगळं सांगितलं. सवय, हात, चिठ्ठी, नंबर. काही झाकलं नाही. मालक आधी लाल झाले, मग त्यांनी रांग मोजली आणि हळूहळू प्रसन्न होऊ लागले.

"म्हणजे मागणी होती," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून होती. मग हे सहा-बिहा सगळं रद्द. बारा. ज्याला जमेल त्याने थांबा."

कोणी हललं नाही.

"ऐकू आलं ना? बारा."

"भिंतीवर सहा लिहिलंय," भट्टीवाला म्हणाला.

"माझी भिंत आहे."

"म्हणूनच तर विश्वास ठेवला," आयाबाई म्हणाल्या. "तुम्ही फोन करा म्हणालात, आम्ही केला. सात वाजता कामावरून सुटून सरळ आलेय मी. सहा वाचून आलेय."

मालक पेंटरकडे वळले. "चूक तुझी आहे. चढ शिडीवर आणि खोड."

"चूक माझीच," पेंटर म्हणाला. "ती मी फुकट दुरुस्त करतो, आत्ता. माझा नंबर काढून तुमचा लिहितो. पण आकडा तुम्हीच सांगितलेला आणि मी बरोबर लिहिलेला. बरोबर असलेलं मी खोडत नाही."

"तू नाहीस तर दुसरा पेंटर आणीन."

"लांब जाऊ नका. दुसरा तो बघा, रांगेत तिसरा."

रांगेतल्या तिसऱ्या माणसाने अदबीने मान हलवली. त्याच्या नखांतही निळा रंग होता. "मलाही नाही जमणार, साहेब," तो म्हणाला. "मला चार माणसांची खोली हवीय."

मालकांनी स्वतःच ब्रश उचलला. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर गेले आणि खाली बघितलं. शिडी धरायला त्रेचाळीस माणसांतलं एकही पुढे आलं नाही. आडवंही कोणी येत नव्हतं. सगळे नुसते उभे होते, वाट बघायची सवय असलेल्या माणसांसारखे.

वरच्या खिडकीतून मालकीणबाईंचा आवाज आला. "अहो, देऊन टाका आणि चहा प्यायला या. तीन महिने त्या रिकाम्या खोल्या मी झाडतेय. आणि तो फोनही आता मी धरणार नाही."

मालक दोन पायऱ्या उतरले. "पण आठच आहेत," ते पुटपुटले. "द्यायच्या कुणाला?"

"ज्याने आधी विचारलं त्याला," पेंटरच्या बायकोने वही पुढे केली. "तारीखवार लिहिलंय."

मालकांनी वरच्या समासात ताज्या शाईने लिहिलेली पहिली ओळ वाचली, मग पेंटरकडे पाहिलं, मग पुन्हा ओळीकडे. लिहिलं होतं: 'आमचे हे. पाटीचा रंग ओला असताना विचारलं. दारातूनच नाही म्हणाले.'

"हे खोटं असेल तर सांगा," ती म्हणाली.

मालकांनी वही मिटून परत दिली आणि किल्ल्या आणायला वर गेले.

राहिलेल्या पस्तीस जणांना तिने हात हलवत परत पाठवलं नाही. वही चालूच ठेवली. पंधरा दिवसांनी, नव्या खोलीत मशीन मांडून ती बसली असताना फोन वाजला. पलीकडचा आवाज भरदार होता.

"पेंटर आहेत का? चार खोल्या भाड्याने द्यायच्यात, पाटी करायचीय. आकडा पंधरा हजार."

तिने वही उघडली. "तेवढा आकडा यांना लिहिता येत नाही हो."

"म्हणजे? मग किती येतो?"

"सहापर्यंत येतो."

"कमाल आहे. मी दुसरा पेंटर बघतो."

"बघा की," ती म्हणाली. "थांबा, भिंतीवर थाप मारते. शेजारच्याच खोलीत राहतो तो."