शेलार काकांच्या गाठी

"ही गाठ न्हाई, हा अपघात हाय!"

खिडकीखालून आवाज आला आणि मी ओळखलं, आज शेलार काकांच्या तावडीत टेम्पोवाला सापडलाय. समोरच्या बिऱ्हाडाचं कपाट हलवायचं होतं. त्याने बांधलेला दोर काकांनी पूर्ण सोडला, स्वतः बांधला आणि वर त्यालाच सुनावलं, "आता बिनधास्त जा. टेम्पो उलटंल, पन कपाट न्हाई पडनार."

शेलार काका आमचे भिंगारचे शेजारी. नोकरी लष्करी डेपोत, पॅकिंगला. तिथे खोकं बांधणाऱ्याने त्यावर आपल्या नावाची चिठ्ठी लावायची पद्धत होती. दोर सैल पडला तर शिव्या कोणाला घालायच्या ते कळावं म्हणून. काका निवृत्त झाले, चिठ्ठ्या झाल्या नाहीत. गल्लीचं फाटक, टाकीचं झाकण, मंडपाचे बांबू, सगळीकडे 'शेलार'. आमची कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा त्यांनी एकदा आवळून दिली आणि चिठ्ठी लावली. जमिनीचा तुकडा दुसऱ्याच्या नावावर चढल्यासारखी आई दोन दिवस धुसफुसत होती.

माझ्याशी त्यांचं वैर शाळेपासूनचं. मी इंग्रजी शाळेत, आणि माझा टाय इलास्टिकचा.

"आयती गाठ? काय कॉन्व्हेंट, शाळंत जेवन पन चावून देत्यात का?"

मग ते इंग्रजीवरच घसरले. "आपन गाय बांधतो, मोळी आवळतो, गजरा ओवतो. ह्यांचं सगळं टाय! मॅच बरोबरीत सुटली, टाय. साहेब कामात हाय, टाइड अप. दोन दुकानदारांचं जमलं, टाय-अप. शब्दांचं रेशनिंग हुतं का गं तुज्या इंग्रजांकडं?"

मी मान खाली घालून पळायचे. मला उत्तर नेहमी जिना चढून झाल्यावर सुचतं.

गेल्या वर्षापासून काकू विसरायला लागल्या. आधी मिठाचा डबा, मग घर. एकदा बसस्टँडवर सापडल्या. राहुरीला, माहेरी निघाल्या होत्या. त्यानंतर काका फिरायला जाताना एक पांढरी दोरी घ्यायला लागले. एक टोक काकूंच्या मनगटाला, दुसरं स्वतःच्या.

गल्लीला विषय मिळाला. "बांधायला दुसरं काही उरलं नसेल," असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसले. मग कोणीतरी राहुरीला फोन केला.

रविवारी काकूंचा भाऊ जीप घेऊन आला, तेव्हा काका-काकू नुकतेच फिरून आले होते. दोरी तशीच होती.

"दाजी, माजी भैन काय जनावर हाय व्हय? मी तिला कायमची घिऊन चाललो."

गॅलऱ्या भरल्या. टेम्पोच्या दोरावर तासभर बोलणारे काका नुसते म्हणाले, "नको नेऊ." थोड्या वेळाने पुन्हा, "नको नेऊ रे." बस्स. मग भावाने कोंबून भरलेल्या काकूंच्या पिशवीचे बंद ते बांधायला लागले. ते बंद ओढत होते आणि दोरीबरोबर काकूंचा हातही हलत होता. बंद सुटला. त्यांनी पुन्हा बांधला. पुन्हा सुटला. काकू कौतुकाने बघत होत्या, जणू हा नवीन खेळ.

मी फाटकाशी होते. इतक्या जवळून ती दोरी मी कधी पाहिलीच नव्हती. काकूंच्या मनगटाला आधी मऊ फडक्याची पट्टी, त्यावर दोरी. काकांच्या मनगटाला पट्टी नव्हतीच. तिथे लाल वळ उठला होता.

भावाने जीपचं दार उघडलं. या वेळी जिना चढायला वेळ नव्हता. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"मामा, थांबा. काकूंच्या हाताला सुरगाठ आहे. ते लोंबणारं टोक बघा, त्यांनी स्वतः ओढलं तरी सुटते. निरगाठ काकांच्या हाताला आहे. ती त्यांना एका हाताने सोडवतासुद्धा येत नाही."