साहेब चुकीच्या रकान्यात

इतिहास घडवणारे ढीगभर झाले, पण तो रोज वेळेवर फळ्यावर लिहिणारा आमच्या ऑफिसात एकच, तो म्हणजे मी! माझं टेबल तळघरातल्या रेकॉर्डरूममध्ये. खिडकी नाही, त्यामुळे आज बाहेर काय चाललंय याचा मला पत्ता नसतो. पण शे-दोनशे वर्षांपूर्वी आजच्या दिवशी काय झालं ते मला विचारा. ऑफिसच्या दारातल्या दिनविशेषाच्या फळ्यावर मी रोज तीन रकाने भरायचो: जन्म, मृत्यू, घटना. फळ्यावर आलं ते खरंच, अशी माझी ख्याती होती.

त्या दिवशी साहेबांचा वाढदिवस होता. शिवाय वरच्या मजल्यावरची खिडकीजवळची जागा रिकामी झाली होती, आणि ती कुणाला द्यायची हे साहेब त्याच दिवशी ठरवणार होते. म्हटलं, थोरामोठ्यांच्या पंगतीत साहेबांना बसवू, की खिडकी आपली.

घोळ घातला तो थोरामोठ्यांनी. शास्त्रज्ञ, सेनापती, गणितज्ञ, झाडून सगळे त्याच तारखेला जन्मलेले. जन्माच्या रकान्यात मुंगी शिरायला जागा नाही. शेजारचा मृत्यूचा रकाना मात्र कोरा. त्या तारखेला मरायला कुणाला सवडच झाली नव्हती. गणितज्ञावर डस्टर ठेवलंसुद्धा, पण हात धजेना. शेवटी साहेबांचं नाव कोऱ्या रकान्यात ठळक लिहिलं, तिथून जन्माकडे जाणारा सुबक बाण काढला आणि केक आणायला गेलो.

मागोमाग पाणीवाला खांद्यावर जार घेऊन आला आणि फळ्याला घासून आत गेला. नाव राहिलं. बाण त्याच्या शर्टावर गेला. लोकांनी फळा वाचून साहेबांना फोन लावले, तर फोन बंद. साहेब दातांच्या डॉक्टरकडे आ वासून बसले होते.

मी परतलो तर सगळं ऑफिस माना खाली घालून उभं. साहेबांना चकित करायचा बेत असणार, असं समजून मीही केक धरून मान खाली घातली.

"तुम्हाला कधी कळलं हो?" टायपिस्टबाईंनी हळूच विचारलं.

"मला तर वर्षभर आधीच माहीत होतं."

बाई जरा लांब सरकल्या. "आणि हा केक?"

"साहेबांसाठीच. मेणबत्त्याही आणल्यात."

हेडक्लार्कनी घसा साफ करून साहेब वक्तशीर होते असं सांगितलं. पुढे काही सुचेना, म्हणून त्यांनी अर्ध्या दिवसाची सुट्टी देऊन टाकली. मी मेणबत्त्या लावेपर्यंत ऑफिस रिकामं झालं होतं.

तेवढ्यात साहेब आले. मला केकसकट फळ्यासमोर घेऊन गेले. बाण नाही हे पाहिल्यावर सगळ्यांच्या माना खाली का होत्या ते मला कळलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि सुजलेला गाल सांभाळत केकचा तुकडा उचलला.

"कोणी रडलं का रे?"

"हेडक्लार्क बोलले, साहेब."

"काय बोलले?"

"वक्तशीर होतात म्हणाले."

"आणि?"

"आणि सुट्टी दिली."

साहेबांनी तुकडा परत ठेवला. मला खरंच फार वाईट वाटलं.

खिडकी टायपिस्टबाईंना मिळाली, आणि फळाही. परवा तीच तारीख पुन्हा आली. साहेब जन्माच्या रकान्यात सगळ्यांत वर होते. गणितज्ञाला बाईंनी बेधडक पुसलं होतं. घटनेच्या रकान्यात एकच ओळ होती: 'आजच्या दिवशी ऑफिसला अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली.'

आयुष्यात एकदाच इतिहास घडवला, तर लिहिणारीनं माझं नाव गाळलं.