हितकारी जंतूंच्या हयातीचा दाखला

माणसाचं आरोग्य त्याच्या पोटात असतं आणि पोट खात्याच्या अखत्यारीत येतं, हे आता सर्वांना मान्य आहे. त्यामुळे १९७६च्या उन्हाळ्यात, सोलापूरचा पारा चव्वेचाळीसवर असताना (सावलीत, सावली सापडल्यास), पिढ्यान्‌पिढ्या भाकरीवर दही घेऊन जगलेल्या या जिल्ह्याला दह्याचं महत्त्व पटवून देणारी योजना आली, यात नवल काहीच नव्हतं.

योजनेचं नाव हिमदधी. दही घोटायचं, साखर घालायची, यंत्रात गोठवायचं आणि कागदी पेल्यातून जनतेला द्यायचं. जनता त्याला दह्याची कुल्फी म्हणे. तसं म्हणू नये असं परिपत्रक निघालं होतं. पेल्यावर छापलं होतं : ‘प्रथिने भरपूर. कॅल्शियम भरपूर. जिवंत हितकारी जंतू : १,००,००,०००.’ हे कुणी मोजले, हा प्रश्न गैरलागू आहे. छापखान्यात शून्यं तेवढीच शिल्लक होती.

गुरप्पा हा या योजनेचा हंगामी कारकून. मैंदर्गीचा, मॅट्रिक पास, आणि चार वर्षांत पाच खात्यांत हंगामी राहिलेला. मोहोळच्या एका घरी त्याचं लग्न ठरलं होतं. म्हणजे ठरता ठरता थांबलं होतं. मुलीच्या बापाचं म्हणणं सरळ होतं : “नोकरी हंगामी, तर जावईबी हंगामीच की. कायम व्हा, मग या.” आणि आहार अधिकारी ढेकळेसाहेबांनी गुरप्पाला शब्द दिला होता, की योजनेला कायम मंजुरी मिळाली की पहिली कायम नेमणूक त्याची.

तेवढ्यात पुण्याच्या मुख्य कचेरीतून शेरा आला : ‘जंतू जिवंत असल्याचा पुरावा जोडावा.’

गुरप्पा पेला घेऊन थेट तज्ज्ञाकडे गेला. तज्ज्ञ म्हणजे त्याच्याच गावची सिद्धम्मा. ती कचेरीच्या फाटकाबाहेर गाडग्यांतून दही विकायची. तिनं कोमट दुधात चमचाभर हिमदधी विरजण म्हणून घातलं. संध्याकाळी पाहिलं, तर दूध दूधच होतं.

“तम्मा, मेलेत रे समदे.”

“एक कोटी?”

“मोजले न्हाईत. पर एकबी उठला न्हाय की.”

“गारठ्यानं झोपले असतील, अक्का.”

“गारठ्यानं जंतू मरत न्हाय बाबा, नुसता निजतो. ह्ये काईतरी येगळं हाय. आन्‌ तुझ्या हापिसातले निजलेले असते, तर च्याच्या टायमाला उठले असते की!”

वेगळं होतं ते असं. ढेकळेसाहेब स्वच्छतेच्या बाबतीत कट्टर. गोठवण्याआधी दही तीनदा उकळावं (जंतू मरावेत म्हणून) असा त्यांचा लेखी आदेश होता. दही फाटायचं, फाटलेलं घोटून गोठवलं जायचं. आदेशात हितकारी आणि अहितकारी असा भेद केलेला नव्हता. सरकार जंतूंमध्ये पक्षपात करत नाही.

हे कळल्यावर साहेब क्षणभरही डगमगले नाहीत. “गुरप्पा, पेन्शनर दरवर्षी काय देतो? हयातीचा दाखला. आता जंतू स्वतः हजर राहू शकत नाही. मग भाडेकरू घरात आहे की गेला, हे कुणी सांगायचं? घरमालकानं. तेव्हा पोटाच्या मालकांकडून दाखले आण. पाचशे. सोमवारी पाचला फाइल पुण्याला जाते.”

त्या वर्षी प्रत्येक खात्याला काही ना काही उद्दिष्ट होतंच, आणि लोकांनाही आधी सही करून मग ‘कशाची?’ विचारायची सवय झाली होती. गुरप्पा सायकलवरून गिरणीच्या फाटकांपासून जेऊरच्या स्टेशनवर उतरलेल्या पाहुण्यांपर्यंत फिरला (सायकल रेल्वेत घालून). निष्कर्ष आशादायक होते. पोट हलकं झालं : २१२. भूक वाढली : १४०. भूक कमी झाली : ९६ (हाही लाभच). ‘साहेब म्हणतील ते’ : ५१. यांपैकी सदतीस जणांनी हिमदधी चाखलंच नव्हतं, कारण वीज गेली होती. सर्वांत जास्त सुधारणा याच गटात आढळली.

एकूण चारशे नव्व्याण्णव. सोमवारी दुपारी गुरप्पा शाईचा पॅड घेऊन सिद्धम्मापुढे उकिडवा बसला.

“अक्का, येवढा अंगठा दे. माझं लगीन अडलंय.”

“दही पायजे तर लग्नाला धा गाडगी घालते. अंगठा न्हाय.”

“एका अंगठ्यानं काय हुतंय?”

“माझा नवरा मेला, तर तलाठ्यानं त्याला तीन वरसं जित्ता ठिवला हुता कागदावर. लई तरास झाला मला. मेलेल्याला जित्ता मी न्हाय म्हणायची, मग तो माणूस असू दे न्हायतर जंतू.”

गुरप्पा पडल्या चेहऱ्यानं साहेबांकडे गेला. चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

“बाईनं तक्रार केली, म्हणजे ती बाद,” साहेब म्हणाले. “असा माणूस बघ, ज्याला सगळं ठाऊक आहे आणि जो तरी काही बोलला नाही. मौन ही संमती. असली माणसं मुबलक असतात. जरा आसपास नजर टाक.”

गुरप्पानं नजर टाकली. पाचला पाच कमी असताना फाइल पुरी झाली. पुढे तो कायम झाला, मोहोळला लग्नही थाटात लागलं.

पाचशेवा दाखला आपल्या नावे आहे, वाचकहो. जंतू मेल्याचं आपल्याला मघाशीच कळलं होतं. तरी आपण शांतपणे वाचत राहिलात, मध्ये एकदोनदा हसलातही. आपली तक्रार मात्र कचेरीत पोहोचली नाही. अभिप्रायाच्या रकान्यात गुरप्पानं आपल्या वतीनं ‘पोट हलकं झालं’ असं लिहिलं आहे.